खेळण्याची कळ बालकाच्या हाती



गोराई गावातून उपचारांसाठी बोरिवलीस जायचे, तर होडीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा. खेळाला मात्र घर पुरते. अडते ते बटणापाशी. सेलवर नाचणाऱ्या माकडाचे इवलेसे बटण सेरेब्रल पाल्सीने बोटे आखडलेल्या बालकास दाबता येत नाही. आई दाबते, मूल पाहते. याला खेळ म्हणावे काय?

पातळ पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांस तांब्याची पट्टी चिकटवून प्रत्येकीस एकेक तार जोडावी व तो पुठ्ठा सेल आणि खेळण्यातील पत्री यांच्यामध्ये सरकवावा. तारा तळहाताएवढ्या बटणाला जोडाव्यात. मूळ बटण चालूच ठेवावे. मग कोपरानेही माकड नाचते! दृष्टिहीनांच्या क्रिकेटचा चेंडू वाजतो, तसे घरच्या चेंडूतही घुंगरू घालावे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याला जाड मूठ बसवणे तेथील चितारी कारागिरास अवघड नाही. सेलचे झाकण तेवढे स्क्रूने घट्ट बंद असावे.