कुलूप कोणतें आणि किल्ली कोणती

पेढीचा कारभार वहीवर चालत असे तेव्हां खतावणी पेटींत आणि पेटीची किल्ली दिवाणजींच्या कमरेला, असा रिवाज होता. ज्याला आंकडा हवा असेल त्यानें दिवाणजींकडे जावें आणि त्यांनीं वही पाहून तो सांगावा. आज तीच खतावणी दूरच्या संगणकांत असते व एकाच वेळीं शेंकडों माणसें ती उघडूं शकतात. किल्ली मात्र नाहींशी झालेली नाहीं; ती डोळ्यांस दिसेनाशी झाली आहे. त्यामुळें कुलूप उघडलें नाहीं म्हणजे दोष कुलपाचा, किल्लीचा कीं माणसाचा, हें चटकन् कळत नाहीं. ज्या घरांतील कोणी ना कोणी कचेरींत आंकड्यांचें काम करतें, त्या घरास हा अनुभव नवा नसेल.

हिशेबाचे उभे-आडवे रकाने संगणकाच्या पडद्यावर मांडण्याची सोय सामान्य व्यावसायिकाच्या हातीं आली ती डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिसिकॅल्क’मुळें, १९७९ सालीं. मायक्रोसॉफ्टचें ‘एक्सेल’ १९८५ मध्यें प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठीं निघालें. या स्प्रेडशीटचा गुण हाच कीं, ज्याचा तक्ता त्याच्यापाशीं. आणि दोषहि तोच. दहा हिशेबनिसांच्या दहा तक्त्यांत एकाच विक्रीच्या बेरजा दहा प्रकारच्या निघूं लागल्या. यावर उपाय असा कीं, मूळ आंकडे एकाच ठिकाणीं ठेवावेत आणि प्रत्येकानें आपला तक्ता तेथें जोडून घ्यावा. मायक्रोसॉफ्टची ‘पॉवर बीआय’ ही व्यवस्था २०१५ मध्यें सर्वांस खुली झाली, ती याच प्रकारची. तिच्यांतील सामायिक सांठ्यास पूर्वीं ‘डेटासेट’ म्हणत. २०२३ पासून त्यास ‘सिमँटिक मॉडेल’ असें नांव आहे.

आतां अडचण कशी उद्भवते तें पाहावें. एखाद्या पेढीच्या तीन शाखा आहेत. एका शाखेंतील हिशेबनीस पॉवर बीआयमधील अहवाल उघडतो. तो विनातक्रार उघडतो. तेच आंकडे एक्सेलमध्यें जोडूं जातां मात्र नकार मिळतो. ‘जें डोळ्यांनीं दिसतें तें हातीं कां येऊं नये?’ असा त्याचा प्रश्न असतो. उत्तर असें कीं, पाहण्याची परवानगी वेगळी आणि त्या सांठ्यावर आपला नवा तक्ता उभारण्याची परवानगी वेगळी. या दुसरीस ‘बिल्ड’ म्हणतात. दुकानाच्या कांचेंतून माल पाहणें आणि वखारींत शिरून हवा तो माल निवडणें, एवढा दोहोंत फरक आहे.

परंतु प्रत्येक नकाराचें कारण हेंच असेल असें नाहीं. दारें एकामागून एक आहेत, आणि तीं त्याच क्रमानें तपासावींत. पहिला प्रश्न ‘कोण आला आहे?’ हा. पुष्कळांचें एक खातें घरचें व एक कचेरीचें असतें. एक्सेलमध्यें घरचें चालूं असेल तर कचेरीच्या दारावर ओळख पटणार कशी? एक्सेलच्या वरच्या कोपऱ्यांतील नांव वाचलें कीं हा प्रश्न सुटतो. दुसरें दार लायसन्सचें: तें स्वतःच्या नांवाचें तरी हवें, अथवा संस्थेनें पुरेशी मोठी सामायिक क्षमता विकत घेतलेली हवी. तिसरें दार संस्थेच्या मुख्य व्यवस्थापकाचें. एक्सेल जोडण्याची सोय त्यानें सर्वांना किंवा कांहीं गटांना बंद ठेवलेली असूं शकते. चौथें दार ‘बिल्ड’चें. आणि परवानगी मिळाल्यावरहि एकदां खात्यांतून बाहेर पडून पुन्हां आंत यावें, कारण वर्कस्पेसमधील बदल पुढच्या प्रवेशापासून लागूं होतो. एकट्यालाच अडत असेल तर शोध त्या माणसाच्या खात्यांत व परवानग्यांत घ्यावा. सर्वांनाच अडत असेल तर वरच्या व्यवस्थेंत.

हा क्रम सोडला म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत होते, आणि तीहि धोक्याची. पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमध्यें ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्यूटर आणि व्ह्यूअर अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्या तिघांस ‘बिल्ड’ आपोआप मिळतें. व्ह्यूअरला तें वेगळें द्यावें लागतें. घाईंत असलेला व्यवस्थापक विचार करतो, ‘वेगळें कशाला द्या? याला मेंबरच करून टाकूं.’ तक्ता तत्काळ जोडला जातो, हिशेबनीस आभार मानतो आणि प्रकरण मिटतें. वस्तुतः तेथूनच तें सुरू झालेलें असतें. कारण प्रत्येक शाखेला आपलेच आंकडे दिसावेत म्हणून सांठ्यांत जो ओळींचा पडदा लावलेला असतो, तो व्ह्यूअरपुरताच असतो. मेंबर झालेल्या माणसास तो आडवा येत नाहीं. एका शाखेच्या हिशेबनिसासमोर तिन्ही शाखांची विक्री, आणि सांठ्यांत असतील तर पगारहि, उघडे पडतात. उलट, व्ह्यूअरला ‘बिल्ड’ दिलें पण पडद्याच्या कोणत्याच गटांत त्याचें नांव घातलें नाहीं, तर त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. हें पांचवें दार पुष्कळांच्या ध्यानांतून सुटतें.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. अधिकार कमी पडला तर माणूस तासाभरांत तक्रार घेऊन येतो. अधिकार जास्त झाला तर वर्षानुवर्षें कोणीहि तक्रार करीत नाहीं. म्हणून तक्रार थांबली ही दुरुस्ती झाल्याची खूण मानूं नये. साल्टझर व श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनीं १९७५ मध्येंच हें तत्त्व मांडून ठेवलें आहे कीं, कामापुरता जेवढा अधिकार लागतो तेवढाच प्रत्येकास असावा. त्यांत अविश्वास नाहीं. ज्याच्या हातीं अधिक कांहीं नाहीं त्याच्यावर अधिक आळहि येत नाहीं. तें त्या माणसाचेंहि संरक्षणच होय.

आणखी एक गोष्ट. जोडलेला तक्ता टपालानें दुसऱ्यास पाठविला तर ज्याला परवानगी नाहीं त्याला नवे आंकडे ओढतां येत नाहींत हें खरें. पण शेवटीं ओढलेले जे आंकडे तक्त्यांत मांडलेले असतात ते तसेच त्याच्यासमोर जातात. दारावरचा पहारा फाइलीबरोबर प्रवास करीत नाहीं.

तेव्हां परवानगी मागणारानें ‘चालत नाहीं’ एवढेंच न लिहितां आपलें खातें, सांठ्याचें नांव, पडद्यावरचा संदेश अक्षरशः, आणि शेजाऱ्याचें काम चालतें कीं नाहीं, हें कळवावें. देणारानें एकेका माणसाला न देतां कामाच्या गटाला द्यावी, हवी तेवढीच द्यावी, आणि माणसाची बदली झाली कीं ती न विसरतां काढून घ्यावी. किल्ली देणें हें एका क्षणाचें काम आहे. ती कोणाकोणापाशीं आहे हें लक्षांत ठेवणें, हें रोजचें आहे.