हजेरीपटावर नसलेली माणसे



दौंड-बारामतीची अडीच फुटी गाडी १९१४ साली सुरू झाली. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि १९१६ मध्ये तेवढ्याच रुंदीचे रूळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठी पडले. ते का पडले?

कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. सोडवायला निघालेल्या फौजेला बसऱ्याहून रसद पोचवायची, तर बोटी अपुऱ्या, वाटेत चिखल, आणि रेल्वे नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने हत्यारे ठेवली. त्या वर्षी रेल्वेचे काम नेटाने सुरू झाले. हिंदुस्थानातून रूळ, इंजिने, ड्रायव्हर, फायरमन, मजूर गेले. १९१७ मध्ये कूत-बगदाद गाडी धावू लागली. तिकडे कूतच्या हिंदी कैद्यांना तुर्कांनी रास-अल-ऐनला रेल्वेच्याच कामाला जुंपले.

पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपटावर नाव नसेल तर पगार नाही, भरपाई नाही, हे आम्ही रोज पाहतो. आपल्या मराठी मुलखातही कित्येक गावांत दगडी पाट्या आहेत : इतके लढाईवर गेले, इतके मेले. बारामती-इंदापूरच्या मंडळींना आमचे एवढेच मागणे आहे. अशी पाटी दिसली तर घरोघर विचारा आणि त्या आकड्यांची नावे लिहून काढा.