शाळेचे घर आणि मतदानाचा दिवस



या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने लहान, म्हणजे एका दिवसाच्या सुट्टीचा आहे. निवडणूक आली की शाळा बंद होते, बाके भिंतीशी सरकतात, दारावर मतदान केंद्राचा क्रमांक लागतो आणि मुले घरी राहतात. यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, लोकशाहीसाठी एक दिवस गेला तर काय बिघडले? दुसरे म्हणते, शाळा मोकळी ठेवा, मतदान दुसरीकडे न्या. आम्हांला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात.

प्रथम मतदान शाळेत का होते ते पाहू. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा देशात साक्षर माणसे शेकडा अठरा होती आणि मतदार सतरा कोटींच्या वर होते. इतक्या लोकांना बिचकल्यावाचून पाऊल टाकता येईल अशी जागा गावोगावी हवी होती. आजही निवडणूक आयोगाचा दंडक असा आहे की, मतदान केंद्र पोलीस ठाण्यात, इस्पितळात, देवळात किंवा कोणत्याही धर्मस्थानात नसावे. होता होईल तो सरकारी इमारतीत, तळमजल्यावर आणि मतदाराच्या घरापासून दोन किलोमीटरांच्या आत असावे. आता आपले गाव डोळ्यांपुढे आणा. देऊळ वगळले, पुढाऱ्याचा वाडा वगळला, की उरते काय? शाळा!

शाळेला हे सर्वांचे घर होण्याचे भाग्य फुकट लाभलेले नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो त्याला मिळाला नाही आणि मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. त्याआधी आठ वर्षे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी काय सोसले ते आपण जाणताच. पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका ठिकाणी बसविण्याचा हुकूम काढला. इतक्या झगड्यानंतर ज्या उंबरठ्यावर सर्वांचा हक्क मान्य झाला, त्याच उंबरठ्यातून आत जाऊन प्रत्येकाने मत द्यावे, हे आम्हांला योग्यच वाटते. म्हणून मतदान शाळेतून हलवा, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु ‘एकच दिवस जातो’ हा हिशेबही खरा नाही. मतदानाआधी शिक्षकांना प्रशिक्षणासाठी बोलावतात. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर पोचायचे, मतदानाच्या दिवशी पहाटेपासून राबायचे आणि यंत्रे परत जमा करून रात्री उशिरा घरी यायचे. याशिवाय मतदारयाद्यांचे काम निराळेच. ज्या गावी दोनच गुरुजी आहेत, तेथे दोघांची नेमणूक झाली की केंद्र त्या इमारतीत असो वा नसो, शाळेला कुलूप लागते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी, बुधवारी, विधानसभेचे मतदान झाले. राज्यात एक लाखाहून अधिक केंद्रे होती. आदले दोन दिवस शाळा चालू की बंद, याचा राज्यभर घोळ झाला. सरसकट सुट्टी नाही, जेथे सर्वच शिक्षक निवडणुकीच्या कामावर आहेत तेथे मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर ठरवावे, असा खुलासा अखेर करावा लागला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. त्याच कायद्याने शिक्षकांना निवडणुकीचे काम देण्याची मुभाही ठेवली. मुभा आहे, पण बंधनही आहे. शिक्षकांना असे काम शक्यतो सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोचते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत दुपारचे मोफत जेवण मिळते. मात्र शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. म्हणजे शाळा बंद, तर खिचडीही बंद. सुखवस्तू घरातल्या मुलाचा बुडालेला धडा शिकवणीत भरून निघतो. मजुराच्या मुलीचा धडाही जातो आणि घासही जातो. लोकशाहीची किंमत सर्वांनी मिळून द्यायची असते. ती सर्वांत धाकट्यांच्या आणि सर्वांत गरिबांच्या माथी का मारावी?

मग करावे काय? मतदान रविवारी ठेवावे. फ्रान्स आणि जर्मनीत ते रविवारीच होते. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच राज्यात १८ डिसेंबर २०२२ आणि ५ नोव्हेंबर २०२३ या दोन्ही रविवारी ग्रामपंचायतींचे मतदान झाले. तरीही २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान मंगळवारी आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकांचे मतदान गुरुवारी, म्हणजे ऐन सत्रात, झाले. रविवारी शिक्षकांचा विसावा जाईल, हे खरे. त्यांना बदली रजा मोठ्या सुट्टीला जोडून द्यावी. दुसरे असे की, नेमणुका करताना इतर कार्यालयांतील माणसे आधी घ्यावीत आणि दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक मुलांपाशी ठेवावा. तिसरे, जेवढे दिवस बुडाले तेवढे मुख्याध्यापकांनी लिहून ठेवून जेवणासकट भरून काढावेत.

शेवटचे मागणे आपणांकडे आहे. मतदार येणार म्हणून शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार करतात, दिवे लावतात, पिण्याचे पाणी ठेवतात, शौचालयाची डागडुजी करतात. मतदार एक दिवस येतो. मूल दोनशे दिवस येते. जे एका दिवसासाठी करता येते ते वर्षभर टिकवता येत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही. पुढच्या वेळी मत देऊन बाहेर पडाल तेव्हा लगेच घराकडे वळू नका. नळ सोडून पाहा, शौचालयाचे दार लोटून पाहा, आणि महिन्याभराने पुन्हा त्याच शाळेत जाऊन तेच पाहा. त्या दिवशी नळाला पाणी नसेल तर निवडून आलेल्या माणसाला जाब विचारा. ज्या घरात आपण त्याला निवडले त्या घराची विचारपूस करण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि मुलांना मत नसल्यामुळे ते कामही आपलेच आहे.