जुन्या मालमोटारीची ठिणगी

१९४० च्या सुमाराच्या शेव्हरोले आणि फोर्ड मालमोटारी आतां बहुधा हौशी संग्राहकांच्या आवारांतच आढळतात. पावसाळी सकाळीं अशी गाडी रुसली, कीं मालक नवी कॉइल आणावयास धांवतो. तो खर्च पुष्कळदां पाण्यांत जातो. दोष कॉइलचा नसून सांध्याचा असतो.

या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टांची. ३६ वॅटांच्या दिव्यास तेथें ६ अँपियर प्रवाह लागतो. बारा व्होल्टांवर ३ पुरतात. ६ अँपियर वाहत असतां गंजलेल्या सांध्यानें अवघ्या ०.१ ओहमचा अडथळा केला, तरी ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेंतच गडप होतो. स्टार्टर तर शंभराहून अधिक अँपियर ओढतो. ऐन त्या क्षणीं कॉइलच्या वांट्यास काय उरणार?

म्हणून प्रथम पाहावी ती इंजिनास सांगाड्याशीं जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरावर बसविलेलें असतें. प्रवाहास परतण्याची मुख्य वाट हीच. तिच्या दोन्ही टोकांखालचा गंज खरवडून धातु चकचकीत करावा. मग डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट. ते वारंवार जळत असल्यास कंडेन्सरचा संशय घ्यावा; तो निकामी राहिला तर नवे पॉइंटही लौकरच काळे पडतात.

खरें भय मात्र वेगळेंच. जुन्या वायरींचें सुती वेष्टन तेलानें कुजतें, उघडी तार पत्र्यास टेकते. फ्यूज उडाला, कीं कोणी सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळून वेळ मारून नेतो, आणि पेट्रोलच्या नळीशेजारीं तार तापूं लागते. अशा गाडीस हात लावण्यापूर्वीं बॅटरीचें अर्थिंगचें टोक सोडवून ठेवावें. मग पाना घसरला तरी भडका उडत नाहीं.