वेबसाइटचे अपडेट अडते कुठे?



मला दिलेला विषय होता 'तंत्रज्ञान आणि तरुण'. एवढ्या ऐसपैस विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून एका लहानशा, रोजच्या कामाविषयी बोलतो. तुमच्यापैकी अनेक जण गावातल्या मंडळाची, वाचनालयाची किंवा शिष्यवृत्ती मार्गदर्शन केंद्राची वेबसाइट हौसेने सांभाळता. ती बहुधा वर्डप्रेसवर असते आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चालते. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे, नळ सामाईक, जिना सामाईक.

माझ्या माहितीतल्या एका संस्थेच्या साइटवर मुलींच्या शिष्यवृत्तीची माहिती होती. अर्जाची मुदत संपायला आठवडा उरला असताना ती लिंक उघडली की सट्ट्याच्या जाहिरातीचे पान यायचे. पालकांचे फोन सुरू झाले. 'हीच का तुमची समाजसेवा?' असे एकाने विचारले. आत पाहिले तर साइट दोन वर्षे अपडेटच झाली नव्हती. आपोआप अपडेट चालू होते, रोज प्रयत्न करत होते आणि रोज अडत होते. कुणाला पत्ता नव्हता, कारण त्याची सूचना ज्या ईमेलवर जात होती तो मुलगा नोकरीसाठी केव्हाच परदेशी गेला होता.

वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर २०१३ मध्ये, ३.७ या आवृत्तीपासून, लहान आणि सुरक्षेची अपडेट्स आपोआप होऊ लागली. त्याचा उपयोग किती, हे २०१७ मध्ये दिसले. ४.७.० आणि ४.७.१ या आवृत्त्यांमध्ये अशी फट होती की पासवर्डशिवाय बाहेरच्या माणसाला लेखातला मजकूर बदलता यायचा. २६ जानेवारीला ४.७.२ आले, फटीची माहिती मात्र १ फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम जाहीर केली नाही. त्या अवधीत असंख्य साइट झोपेतच सुरक्षित झाल्या. ज्या राहिल्या, त्यांची लाखो पाने पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली.

आता अडते कुठे ते पाहू.

पहिली जागा अगदी साधी आहे. वर्डप्रेसकडे स्वतःचे घड्याळ नाही. कुणी साइटवर आले की त्या निमित्ताने ते आपली राहिलेली कामे तपासते. आपल्या साइटवर दिवसाला चार माणसे येणार, त्यात वेगासाठी बसवलेले कॅशचे प्लगिन त्यांना तयार पान दाखवून परत पाठवणार, म्हणजे वर्डप्रेसला जाग येतच नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'क्रॉन जॉब' नावाची सोय असते. तिथे दर अर्ध्या तासाने डब्ल्यूपी-क्रॉन ही फाईल चालवायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी जागा फाईलींच्या मालकीची, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सर्व्हरवर प्रत्येक फाईलला मालक असतो. अपडेटच्या आधी वर्डप्रेस एक तात्पुरती फाईल लिहून पाहते आणि तिचा मालक आपल्या मूळ फाईलींच्या मालकाशी जुळतो का ते तपासते. जुळला तर सरळ काम सुरू. नाही जुळला तर ते एफटीपीचे नाव आणि पासवर्ड मागते. तुम्ही समोर बसून बटण दाबले असेल तर ती खिडकी दिसते. आपोआप अपडेट मध्यरात्री चालले असेल तर विचारणार कुणाला? ते मुकाट्याने मागे फिरते. एका होस्टिंगवरून दुसरीकडे साइट हलवली की हा प्रकार हमखास होतो. मालकी दुरुस्त करणे आपल्या हातात नसते. होस्टिंगवाल्यांना लिहा, 'सगळ्या फाईलींची मालकी आमच्या खात्याच्या नावे करून द्या.' तेवढे वाक्य पुरते.

इंटरनेटवर कुणीतरी सांगेल की सगळ्या फोल्डरना ७७७ परवानगी द्या, अपडेट होईल. होईलही. पण ७७७ म्हणजे चाळीतल्या प्रत्येकाला आपल्या खोलीची किल्ली. फोल्डरना ७५५ आणि फाईलींना ६४४, याच्या पुढे जाऊ नका.

तिसरी अडचण जागेची. नवीन आवृत्ती आधी झिप म्हणून उतरते, मग उलगडते, मग जुन्यावर चढते. तेवढा वेळ मोकळी जागा लागते. आपण कार्यक्रमाचे मोबाइलवरचे फोटो जसेच्या तसे चढवतो, वर्डप्रेस प्रत्येकाच्या आणखी काही लहान प्रती बनवते, जुने बॅकअप त्याच खात्यात पडून असतात आणि बऱ्याच ठिकाणी ईमेलही त्याच कोट्यात मोजला जातो. फाईलींच्या संख्येलाही मर्यादा असते, हे विसरू नका.

अपडेट अर्ध्यात तुटले तर पडद्यावर 'देखभालीसाठी काही वेळ बंद' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. लोक इथे घाबरतात. वर्डप्रेसने मुख्य फोल्डरमध्ये मेंटेनन्स नावाची फाईल ठेवलेली असते. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्याने ती लपलेली राहते. फाईल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाईली दाखवण्याची खूण करावी लागते. दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस तिच्याकडे स्वतःच दुर्लक्ष करते, म्हणून आधी चहा प्या. तरीही संदेश राहिला तर ती फाईल काढा आणि कॅश साफ करा. 'दुसरे अपडेट चालू आहे' असे म्हणत असेल तर त्या कुलपाची मुदत पंधरा मिनिटे असते. तिथेही थांबणे हाच उपाय.

साइट उघडलीच नाही तर काही फाईली नव्या, काही जुन्या अशी खिचडी झालेली असते. वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवरून झिप उतरवा, डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लुड्स हे दोन फोल्डर पूर्ण बदला, बाहेरच्या सुट्या फाईलीही नव्या ठेवा. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईल यांना हात लावायचा नाही. तुमचे फोटो, थीम आणि डेटाबेसचा पत्ता तिथे आहे.

हे करण्याआधी बॅकअप हवा, तो फाईलींचा आणि डेटाबेसचाही, आणि ठेवायचा त्या सर्व्हरच्या बाहेर. आपल्या दृष्टीने एक खास गोष्ट सांगतो. आपण मराठीत, काही जण उर्दूतही लिहितो. डेटाबेस चुकीच्या एन्कोडिंगमध्ये काढला तर इंग्रजी मजकूर शाबूत राहतो आणि आपल्या अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात. ती परत अक्षरे होत नाहीत. दहा वर्षांचे लेख असे गेले तर कुठून आणणार? बॅकअपची फाईल उघडून एखादी मराठी ओळ वाचता येते का ते पाहा. काही साधनांनी काढलेल्या फाईलीत अक्षरे सरळ दिसत नाहीत. तेव्हा दुसरीकडे कोरी साइट उभारून त्यात बॅकअप भरून बघणे हीच खरी तपासणी.

आपोआप म्हणजे बघायलाच नको, असेही नाही. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या ४.९.३ मध्ये अशी चूक होती की आपोआप अपडेट करणारी यंत्रणाच बंद पडली. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आले, पण ४.९.३ वर पोचलेल्या साइटला ते आपोआप मिळेना. कुणीतरी आत जाऊन बटण दाबावे लागले.

म्हणून साइटच्या सेटिंगमधला ॲडमिन ईमेल एका माणसाचा ठेवू नका. संस्थेचा ठेवा, आणि तो निदान दोघांना उघडता आला पाहिजे. त्या दोघांत एखादी मुलगी असू द्या. आपल्याकडे पासवर्ड मुलांच्याच खिशात राहतात, असे मी पाहत आलो आहे. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचनाही त्याच पत्त्यावर यावी.

ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी टूल्समधले साइट हेल्थ हे पान उघडा. पार्श्वभूमीत होणारी अपडेट्स चालतात की नाही, ते तिथे लिहिलेले असते. लाल खूण कुणाकुणाकडे दिसते, त्यांनी पुढे या. तिथूनच सुरू करू.