सरावाचे प्रश्न कशासाठी?



परीक्षा जवळ आली की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती ‘अपेक्षित प्रश्नसंच’ कुठे मिळेल याची. शाळेत लागलेली ही सवय नोकरी लागल्यावरही सुटत नाही. बांधकामावर, कारखान्यात, संगणकाच्या कचेरीत काम करणारे आपल्या गावोगावचे तरुण आज प्रकल्प-व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देतात. ठरलेले काम ठरल्या वेळात आणि ठरल्या पैशांत कसे पार पाडावे, याचे हे शास्त्र. अमेरिकेत 1969 साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही परीक्षा 1984 पासून घेत आली आहे. ‘पीएमपी’ या नावाने ती ओळखली जाते. तिची फी जबर असते. म्हणून उमेदवार हजार-हजार सराव-प्रश्न जमवतो आणि उत्तरे घोकत बसतो. ही मेहनत खरी, पण ती वाया कशी जाते ते पाहू या.

एक प्रश्न घ्या. गावात शाळेच्या खोल्या बांधायच्या आहेत. अंदाज 10 लाख रुपयांचा. आजपर्यंत 5 लाखांचे काम व्हायला हवे होते. झाले 4 लाखांचे, आणि खर्च पडला साडेचार लाख. काम कसे चालले आहे?

घाईने वाचणारा म्हणेल, ‘‘पाचाऐवजी साडेचारच गेले. पन्नास हजार वाचले की!’’ पण जरा थांबा. झालेल्या 4 लाखांच्या कामाला साडेचार लाखांनी भागा. 0.89 येतात. म्हणजे रुपया खर्चला तेव्हा 89 पैशांचे काम पदरात पडले. त्याच 4 लाखांना 5 लाखांनी भागा. 0.80 येतात. म्हणजे रुपयाभर काम व्हायचे तिथे 80 पैशांचेच झाले. काम महागही पडले आणि मागेही पडले. हाच हिशेब पुढे चालला, तर खोल्या सव्वा अकरा लाखांवर जातील. आता, ज्याने नुसते सूत्र पाठ केले त्याला आकडे बदलले की घाम फुटतो. ज्याला 89 पैसे कळले, त्याला कोणतेही आकडे द्या.

दुसरा प्रश्न वेगळ्या जातीचा. काम निम्म्यावर आले असताना गावचे एक वजनदार गृहस्थ म्हणतात, ‘‘आणखी एक खोली वाढवा.’’ व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? लगेच होकार द्यावा? साफ नकार द्यावा? वरिष्ठांकडे धाव घ्यावी? की वाढीव खोलीने वेळ आणि पैसा किती लागेल ते आधी काढावे? उत्तर शेवटचे. सारा प्रश्न ‘प्रथम’ या एका शब्दावर उभा आहे. आपले उमेदवार बहुधा इंग्रजीतून परीक्षा देतात आणि नेमका असा शब्द निसटतो. म्हणून सरावाच्या वेळी प्रश्न मनाशी मराठीत सांगून पाहावा. 2021 साली लागू झालेल्या आराखड्यात 180 प्रश्नांना 230 मिनिटे होती, म्हणजे प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. तेव्हा ही सवय घरीच अंगवळणी पडायला हवी. आराखडा मधूनमधून बदलतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी ताजा पाहून घ्यावा.

मग सराव करावा कसा? एक वही घाला. रोज वीस-पंचवीस प्रश्न घड्याळ लावून सोडवा. जे चुकले त्यांच्यापुढे कारण लिहा: माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की दोन उत्तरांत घोटाळा झाला? बरोबर आलेल्यांतही अंदाजाने आलेले किती, ते प्रामाणिकपणे लिहा. आणि आठवड्याने तेच प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवा.

याला शास्त्राचा आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चारदा वाचला. काहींनी एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. सातवीच्या भूगोलालाही ते तितकेच लागू आहे.

काही जण परीक्षेतले फुटलेले प्रश्न विकत घेतात. प्रश्न बाहेर सांगणार नाही, असे वचन प्रत्येक परीक्षार्थीकडून घेतलेले असते; तेव्हा हा व्यवहार वचनभंगाचा आहे. आणि समजा, खपून गेले, तरी पुढे काय? प्रमाणपत्र पाहून लोक आपल्या हाती काम सोपवतील, पैसा सोपवतील. त्या दिवशी चार पर्याय समोर छापलेले नसतील. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा मित्रहो, किती प्रश्न सोडवले हे मोजू नका. चुकलेल्या किती प्रश्नांचे ‘का?’ सापडले, ते मोजा.