सीमेची राखण आणि प्रवाशांची रांग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हैदराबाद येथे दिलेले भाषण)



मी संतवाङ्मयावर बोलेन अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. परंतु ज्या कामात आपले केस पिकले त्याविषयीच माणसाने बोलावे, असे मला वाटते. शिवाय येथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले वा नातवंडे परदेशी आहेत. मध्यरात्रीच्या त्या रांगेत पाय अवघडेपर्यंत उभे राहून आपण सरकारच्या नावाने बोटे मोडली असतील. ते सरकार म्हणजे काचेपलीकडे बसलेला मी!

प्रथम एक खुलासा. विमानतळावर प्रवाशाला जी एकच अडवणूक भासते, ती वस्तुतः निरनिराळ्या खात्यांची कामे आहेत. झडती घेणारे सुरक्षा दलाचे जवान वेगळे, मालावर नजर ठेवणारे सीमाशुल्क अधिकारी वेगळे आणि पारपत्र तपासणारे आम्ही वेगळे. मी आमच्यापुरतेच बोलतो.

गणित साधे आहे. 300 प्रवाशांचे विमान उतरले, 10 खिडक्या उघड्या आहेत आणि प्रत्येकास एक मिनिट लागते, तर शेवटचा प्रवासी अर्ध्या तासाने सुटतो. तशीच तीन विमाने एकदम उतरली की त्याचाच दीड तास होतो. खिडक्या वाढवाव्यात हे खरे. पण पहाटेच्या गर्दीसाठी वाढवलेल्या खिडक्या दुपारी ओस पडतात. मग वरून सूचना येते की हात जरा चालवा. त्या एका मिनिटात चेहरा छायाचित्राशी ताडायचा असतो, पारपत्र अस्सल आहे की नाही आणि व्हिसाची मुदत आहे की नाही हे पाहायचे असते, आणि अडवावयाच्या इसमांच्या यादीत नाव नाही ना याची खात्री करायची असते. यांतले नेमके काय वगळायचे, हे सूचना देणारा सांगत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विमानतळावर मी रात्रपाळीला होतो. आखातात कामावर निघालेल्या एका सुताराचे नाव व जन्मवर्ष यादीतील एका फरारी इसमाशी जुळले. वडिलांचे नाव ताडावे, तर यादीत ते नव्हते. ज्या कार्यालयाने नाव कळविले होते तेथे रात्री दोन वाजता दूरध्वनी घेण्यास कोणी नव्हते. मागे दोनशे माणसे ताटकळत होती. मी त्याला बाजूच्या बाकावर बसविले. सकाळी खुलासा झाला की तो हा नव्हेच. तोवर विमान गेले होते, आणि त्याच्या व्हिसाची मुदत त्याच दिवशी संपत होती. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "साहेब, आता कोणत्या खिडकीवर जाऊ?"

नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते, आणि तशी वेळ आली तर आजही मी त्याला थांबवीन. मात्र तो प्रश्न माझ्या खिडकीपर्यंत यायलाच नको होता. त्याचे तिकीट निघाले तेव्हा, निदान दोन दिवस आधी, त्याचा निकाल लागायला हवा होता. सुरक्षा आणि रांग यांचे भांडण मिटवण्याची जागा खिडकी नव्हे, खिडकीच्या आधीचा काळ आहे, हे मी त्या सकाळी शिकलो.

सुदैवाने कारभार त्या दिशेने सरकला आहे. विमान कंपन्या प्रवाशांची माहिती आगाऊ पाठवितात. भारतीय प्रवाशांनी भरावयाचे आगमनाचे कार्ड 2014 मध्ये आणि प्रस्थानाचे 1 जुलै 2017 पासून बंद झाले. तेव्हा आता सारे मोकाट सुटणार, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण त्या कार्डावरची बहुतेक माहिती पारपत्रात आणि विमान कंपनीच्या यादीत होतीच. आम्ही ती प्रवाशाकडून पुन्हा लिहवून घेत होतो, आणि तीही त्याला चष्मा सापडत नसताना!

22 जून 2024 रोजी दिल्लीत विश्वासू प्रवाशांसाठी जलद मार्ग सुरू झाला आणि 16 जानेवारी 2025 रोजी आपल्या हैदराबादसह आणखी सात विमानतळांवर आला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांनी आधी अर्ज करावयाचा. छाननी झाल्यावर बोटांचे ठसे व चेहरा नोंदवावयाचा. पुढे पारपत्र आणि बोर्डिंग पास दाखविला, ओळख पटली की फाटक आपोआप उघडते. नोंदणी पाच वर्षे किंवा पारपत्राच्या मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालते.

माझी काळजी निराळी आहे. फाटके आली म्हणून खिडकीवरची माणसे कमी करण्याचा मोह कोणत्याही खात्याला होईल. पाच वर्षांत माणूस बदलतो. म्हणून विश्वास दिला तरी यादी दर खेपेस पाहिलीच पाहिजे. आणि ज्यांची बोटे रंधा मारून वा भांडी घासून झिजली आहेत, त्यांचे ठसे यंत्राला नीट उमटत नाहीत. ती माणसे खिडकीवरच येणार. तेथे नवशिका नव्हे, अनुभवी अधिकारी बसला पाहिजे, आणि त्याच्या हाताशी रात्री दोन वाजताही उत्तर देणारे कोणीतरी असले पाहिजे.

मुलांकडे जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी नोंदणीपूर्वी पारपत्राची मुदत किमान सहा महिने उरली आहे ना, हे पाहून घ्यावे. चहा तयार आहे असे चिटणीस खुणेने सांगत आहेत. उरलेल्या शंका तेथेच विचाराव्यात.